पुढच्या खोलीविषयी दुरुस्ती

पिंपळगाव रेणुकाई
दि. ११ मार्च २०२४

चि. वंदना,

आठ मार्चच्या दैनिकात तुझी मुलाखत प्रसिद्ध झाली आहे. तिच्यात माझ्यासंबंधी व घरासंबंधी सहा विधाने आहेत. त्यांपैकी चार चुकीची आहेत, एक अर्धवट आहे आणि एक बरोबर आहे. गेल्या साडेआठ वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिलेले नाही. तथापि माझ्या नावावर चुकीचे विधान उभे असताना गप्प बसणे मला जमणार नाही, हे तू जाणतेसच.

पहिले विधान: ‘आमचे पहिले पाळणाघर २ ऑक्टोबर २०१५ रोजी पिंपळगावात, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत सुरू झाले.’ हे असत्य आहे. त्या दिवशी तू गावात नव्हतीस. पाळणाघर त्याआधीच, पुष्पाबाईच्या सासऱ्यांच्या गोठ्यात सुरू झाले आणि एकोणीस दिवसांनी तेथेच बंद पडले.

दुसरे: ‘आप्पांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.’ ठेवली नाही. तू खोली मागितलीस त्या दिवशी किल्ली जागेवर नव्हती.

तिसरे: ‘पहिल्या दिवशी अकरा बाळे होती.’ सात होती. दारात उभ्या असलेल्या बायांच्या कडेवरची बाळे मी खिडकीतून मोजली होती.

चौथे: ‘बाळांची रोजची नोंद कशी ठेवायची हे मला आप्पांनी शिकवले.’ मी तुला संधी, समास आणि वृत्ते शिकवली. बाळांच्या नोंदीशी माझा संबंध नाही. त्या गोठ्याकडे मी एकदाही फिरकलो नव्हतो.

पाचवे: ‘आई रोज खिचडी करून पाठवायची.’ हे विधान खरे आहे, आणि ते खरे असल्याचे मला तुझ्या मुलाखतीवरून कळले. मी तत्काळ तुझ्या आईस विचारले. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग काय उपाशी ठेवायची व्हती लेकरं? कुकर दिवसातून दोनदा वाजायचा. एकदा तरी विचारलं का तुमी, दोन माणसाला दोनदा कुकर कशाला म्हणून?"

सहावे: ‘वडील बत्तीस वर्षे शिक्षक होते.’ १६ जून १९७५ ते ३१ मे २००८ म्हणजे तेहतीस वर्षांना पंधरा दिवस कमी. शेवटची अकरा वर्षे मुख्याध्यापक.

तरी संपादकांकडे दुरुस्ती पाठवावीस. आपल्याला न शोभणारा मोठेपणा अंगावर बाळगणे मला उसने धोतर नेसल्यासारखे वाटते. तुझ्या आईचे मत निराळे आहे. तिने कात्रण देवघराशेजारी लावले असून येता-जाता मला ऐकवते, "पेपरवाल्यानं देव करून ठेवलंय तुमाला. आता थोडं तरी देवावानी वागा."

मुलाखतीत तुझ्या पाळणाघरांची अकरा गावे आणि दोनशे साठ बाळे असा उल्लेख आहे. त्याची खात्री करण्याचे साधन माझ्याकडे नाही. परंतु तू आकडा फुगवणाऱ्यांतली नाहीस. (सातचे अकरा केलेस, तेवढे वगळून.) संपूर्ण मजकुरात विभक्तीची एकही चूक आढळली नाही, हेही नमूद करतो.

रामराव

&nbsp;

पिंपळगाव रेणुकाई
दि. २८ जून २०२४

चि. वंदना,

मंगळवारी अंगारकीला तुझी आई राजूरला गेली होती. गणपतीचे दर्शन हे तिचे निमित्त असते आणि मंदिरामागच्या नारळाच्या दुकानाशी तू तिला भेटतेस, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. मी कधी विचारले नाही. तिनेही कधी लपवले नाही.

तुझा निरोप तिने शब्दशः सांगितला, म्हणून मीही तसाच उतरवतो: "आप्पांना सांग, पेपरवाला आला तवा माझ्या तीस बाया समोर बसल्या होत्या. त्यानं विचारलं, घरच्यांचा पाठिंबा होता का? मी ‘न्हाई’ म्हटलं असतं तर त्यांचे सासरे म्हणले असते, हिच्या बापानंच दार लावलं, मंग आमी कशाला पाठवू? दुसऱ्या दिवशी निम्मी लेकरं घरी राहिली असती. म्हणून ‘होता’ म्हटलं. त्यात आप्पांवर उपकार करायचा इरादा बिलकुल नव्हता."

शेवटचे वाक्य सांगताना तुझी आई जरा अडखळली. मला मात्र तेच वाक्य सर्वांत पटले.

संपादकांना पत्र लिहू नकोस. तुझे कारण मी मान्य करतो. तरीसुद्धा उपयोगी पडले म्हणून असत्याचे सत्य होत नाही. मग करायचे काय, हे मला सुचलेले नाही.

या निमित्ताने २४ ऑगस्ट २०१५ चा प्रसंग मी पुन्हा तपासला. तू तीन महिन्यांसाठी पुढची खोली मागितलीस. बियाण्याच्या प्लॉटांवर क्रॉसिंग सुरू झाले होते. सकाळी नराचे पराग मादीच्या कळीला लावायचे आणि दुपारी उद्याच्या कळ्यांतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, अशा त्या कामात एक दिवस खाडा झाला की त्या दिवसाच्या कळ्या वाया जातात. म्हणून अंगावर पिणारे बाळ असले तरी आईला जावेच लागते. अंगणवाडीत बसतात ती तीन वर्षांपुढची मुले. त्याखालच्यांसाठी घरी आहाराची पाकिटे मिळतात. हे सारे तू मला दारात उभी राहून, क्रमाने, मुद्देसूद सांगितलेस. मी ऐकले ते एवढेच, की विद्यापीठात मराठी विषयात दुसरी आलेली माझी मुलगी प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला न जाता घरी परतली आहे आणि परक्यांचे लंगोट धुणार आहे. मी म्हणालो, "त्याच कामासाठी शिकायचे होते, तर एवढे शिकायची गरज नव्हती." वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध होते. त्यात दुसरा गुण नव्हता.

तुझ्यामागे सात बाया उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकले.

पाऊस बरा आहे. तुझ्या आईचा गुडघा राजूरच्या पायऱ्यांनी दुखावला आहे. पुढच्या वेळी नारळाच्या दुकानाऐवजी खालच्या बसथांब्यावर भेटावे.

रामराव

&nbsp;

पिंपळगाव रेणुकाई
दि. ६ सप्टेंबर २०२४

चि. वंदना,

तुझ्या मुलाखतीचे परिणाम माझ्या दारापर्यंत आले आहेत. घडले त्या क्रमाने लिहितो.

पोळा सोमवारी झाला. मंगळवारी सकाळी साडेसात वाजता पुष्पाबाई आठ बायांना घेऊन आली. नऊजणींच्याही कडेवर बाळ. पुष्पाबाईचे दहा महिन्यांचे. पाळण्यातले नाव कार्तिक, परंतु त्याच्या आधीचे एक राहिले नाही म्हणून आजी त्यास कचरू म्हणते आणि गावही तेच म्हणते. पुष्पाबाईच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले वर्तमानपत्राचे कात्रण होते.

"सर, हे तुमीच नव्हं का? पुढची खोली देल्ती म्हणून छापलंय."

"ते खरे नाही, पुष्पा. तुला तर ठाऊक आहे. तुझ्याच सासऱ्यांच्या गोठ्यात—"

"ठाऊक हाय की. मीच शेण काढलं व्हतं गोठ्यातलं. इंचू निघाला तवा मीच ठेचला. लेकराला काय झालं न्हाई, पन बाया भेल्या अन् सगळं मोडलं." तिने कात्रण माझ्यासमोर धरले. "पन आता पेपरात आलंय. साऱ्या तालुक्यानं वाचलंय. पेपर खोटा पाडायचा का तुमाला?"

मागून एक म्हणाली, "बराबर बोलली. सरांचं नाव जाईल उगं."

मी म्हणालो की या वयाच्या बाळांसाठी शासन आहाराची पाकिटे देते.

"पाकिटाला काय हात हायेत का सर, लेकरू धरायला?"

सगळ्या हसल्या. मी मान हलवून नकार दिला आणि वळलो, तेव्हा पुष्पाबाई हळू आवाजात म्हणाली, "सातवीत माझं नाव पटावरून कमी केल्तं तुमी. आठवतंय का?"

आठवत नव्हते. मी तसे सांगितले.

"माझा भाऊ आठ महिन्याचा व्हता. माय क्रॉसिंगला गेल्ती. त्याला घेऊन बसायचे मी कापसाच्या बांधावर. आता हा हाय, अन् माझी आकांक्षा बसून राह्यली त्याला घेऊन. सहावीला हाय ती. तिचं बी नाव कमी होईन दिवाळीपस्तोर."

त्या कामावर निघून गेल्या. उशीर झाला होता.

मी माझ्या दैनंदिन्या काढल्या. तेहतीस वर्षांच्या तेहतीस आहेत, हे तू जाणतेस. लहानपणी तू त्यांच्या पाठीवर क्रमांक चिकटवले होतेस. पुष्पाबाईचे नाव ११ ऑक्टोबर २००४ या दिवशी सापडले. शेरा माझ्याच अक्षरात आहे: ‘सतत गैरहजर. कारण: पालकांची अनास्था.’ मग मी मागे गेलो. १९८६ पासून २००७ पर्यंत, बावीस वर्षे, भाद्रपदात एक वाक्य येते: ‘मुलींची उपस्थिती घटली. कारण: पालकांची अनास्था.’ शब्दाचाही बदल नाही. दिवाळीनंतर काही नावे परत येत, काही येत नसत. ती मी मोजली. एकशे सदतीस मुली आल्या नाहीत. शेरा लिहिण्यापूर्वी मी एकीच्याही घरी गेलो नव्हतो.

बुधवारी मी प्लॉटवर गेलो. शेडनेटच्या दाराशी पुष्पाबाई ओरडली, "चप्पल बाहेर काढा सर, आत रोग येतो!" मी अनवाणी आत गेलो. दोन मिनिटांत चष्म्यावर वाफ धरली. मिरचीच्या दोन रांगांमध्ये, लोखंडी पाइपाला साडीची झोळी, आणि झोळीशी आकांक्षा. शाळेचाच सदरा घातलेला. एका हाताने झोका देत होती, दुसऱ्या हाताने कचरूच्या तोंडावरची चिलटे वारत होती.

"शाळा नाही का आज?" मी विचारले.

"आई म्हणली, दिवाळी झाल्यावर जाय."

एवढ्याशा वाक्यात तिने माझी बावीस वर्षे दुरुस्त केली.

गुरुवारी, काल, सकाळी सात वाजता मी पुढची खोली उघडली. बाके बाहेर काढली. पुस्तके माडीवर नेली. तुझ्या आईने फरशी दोनदा पुसून घेतली, एकदा माझ्याकडून. नऊ बाळे आली. नऊही एकदम रडली. तुझ्या आईने तिघांना घेतले, मी एकास घेतले आणि उरलेल्या पाचांनी आमची परीक्षा घेतली. आकांक्षा शाळेत गेली. हजेरीच्या वेळी ती वर्गात बसली आहे, हे मी स्वतः जाऊन पाहून आलो.

आता एक कबुली. मार्चच्या पत्रात मी लिहिले की किल्ली जागेवर नव्हती. विधान खरे आहे, कारण ती खिळ्यावर नव्हती. ती माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. तू विचारलेस, "आप्पा, किल्ली कुठाय?" मी म्हणालो, "सापडत नाही." तू माझ्या खिशाकडे पाहिलेस आणि काहीही बोलली नाहीस. तुझे ते न बोलणे मला आजवर जास्त लागले आहे.

आम्हा दोघा वृद्धांना हे काम येत नाही. बाळांना काय भरवायचे, किती वेळा, रडण्याचा अर्थ कोणता, यातले काही आम्हांस पद्धतशीर ठाऊक नाही. तुझी आई ‘मी तीन वाढवली’ म्हणते, पण ते पुरेसे नाही हे तीही जाणते. शिकलेले माणूस पाठव. शक्य झाल्यास तूच ये. हे केंद्र दिवाळीपर्यंत चालले पाहिजे. बंद पडले, तर आकांक्षा पुन्हा झोळीशी जाईल आणि मी हातात दैनंदिनी असलेला तोच माणूस राहीन.

रामराव

&nbsp;

पिंपळगाव रेणुकाई
दि. १४ ऑक्टोबर २०२४

चि. वंदना,

तू रूपालीस पाठवलेस, ती दहा सप्टेंबरला आली. बावीस वर्षांची मुलगी, परंतु कामाची पक्की. पहिल्याच दिवशी तिने मला सांगितले, "आप्पा, बाळाशी बोला. चूप बसून मांडीवर घेतलं तर ते घाबरतं."

मी विचारले, "काय बोलू?"

"काहीबी बोला. त्याला काय कळून राह्यलं?"

मग मी त्यांना वृत्ते म्हणून दाखवू लागलो. भुजंगप्रयातावर कचरू मान डोलावतो. शार्दूलविक्रीडित त्यास अद्याप पेलत नाही. तुझ्या आईने हे शेजारणींना सांगून माझी पुरेशी शोभा केली आहे.

दिनक्रम आता बसला आहे. सकाळी सातला बाळे येतात. आठला पातळ खिचडी, दहाला उकडलेला बटाटा किंवा केळे, अकराला आया पाजायला येतात. या अकराच्या वेळेवरून वाद झाला, तो कळवणे आवश्यक आहे. तीन प्लॉट कारभारीचे आहेत. तो दहावीत माझ्या वर्गात होता. तो तणतणत आला, "सर, अर्धा तास बाया निघाल्या की हजारभर कळ्या ऱ्हातेत! कंपनी मला बोलते. खर्चा माझा होतो."

मी म्हणालो, "कारभारी, तू कोणाच्या दुधावर वाढलास?"

"सर, तसं न्हाई—"

"प्रश्नाचे उत्तर दे."

"मायच्या."

"तुझी आई तेव्हा कोठे कामाला होती?"

तो चपलेने माती उकरू लागला. मग म्हणाला, "तिला न्हाई येऊ देत व्हते. पदर भिजायचा म्हणे तिचा दुपारी." आणि जाता जाता, "वीस मिनटं. जल्दी पाठवा पन." रूपालीने पंचवीस करून घेतली. आता अकरा वाजता त्याचाच मुकादम बायांना हाक मारतो.

बाळे चौदा झाली आहेत. त्यांच्या सहा थोरल्या बहिणी शाळेत जातात. मी रोज शाळेत जाऊन मोजतो. नवीन मुख्याध्यापकांना प्रथम वाटले की मी तपासणी करतो आहे. मी सांगितले, करतो आहे, पण माझी. दसऱ्याला आकांक्षाने मला सोने दिले आणि पाया पडताना म्हणाली, "सर, सहामाहीत मराठीत अठ्ठेचाळीस." पन्नासांपैकी. मी विचारले, दोन कोठे गेले? ती म्हणाली, "ऱ्हस्व-दीर्घ." मी तिला रविवारी बोलावले आहे.

बाळांची नोंदवही मी ठेवतो. हजेरी, झोप, शी, आहार, आणि दर सोमवारी वजन. सोमवारी रूपाली तुमच्या बैठकीस जाते, म्हणून वजने मी घेतो, पहिले तर ती येण्याआधीच घेतले. खाडाखोड एकाही पानावर नाही. प्रामाणिकपणे लिहितो की पस्तीस वर्षांपूर्वी शाळेची तपासणी झाली होती, तेव्हाही मला या वहीइतका अभिमान वाटला नव्हता.

रूपाली म्हणाली, "केंद्राला दोन महिने झाले की ताई स्वतः येतात तपासायला. प्रत्येक केंद्रावर येतात."

मी तिला विचारले, "या केंद्रावरही?"

ती म्हणाली, "मी विचारलं होतं. त्या म्हणल्या, बघू."

‘बघू’ या शब्दाला काळ असतो, निश्चिती नसते. तुझी आई रोज एक ताट जास्त घासून ठेवते. मी नोंदवही पूर्ण ठेवतो. आम्हा दोघांनाही तुझी वाट पाहण्याची ही एवढीच रीत येते.

रामराव

&nbsp;

पिंपळगाव रेणुकाई
दि. २४ नोव्हेंबर २०२४

चि. वंदना,

परवा तू येऊन गेलीस. तू निघताना जे सांगितलेस त्याप्रमाणे तारखा पाठवत आहे. परंतु त्यापूर्वी, तुझ्या समोर मला जे बोलता आले नाही ते लिहितो.

तू साडेअकरा वाजता आलीस. मोटारीतून उतरून थेट पुढच्या खोलीत गेलीस. आतल्या दाराकडे पाहिले नाहीस. मी सदरा बदलून, नोंदवही घेऊन उभा होतो. तू विचारलेस, "नोंदवही कोण ठेवतं?"

मी म्हणालो, "मी ठेवतो."

"बसा."

मी माझ्याच खोलीत, माझ्या मुलीच्या सांगण्यावरून, मुकाट्याने सतरंजीवर बसलो. तू पाने उलटलीस. प्रत्येक पानावर बोट ठेवून वाचत होतीस. लहानपणी तुला बोट ठेवून वाचण्याबद्दल मी रागवत असे. आज कळले की बोट ठेवल्याशिवाय आकडे वाचू नयेत. कचरूच्या पानावर तू थांबलीस.

नऊ सप्टेंबर ते तीस सप्टेंबर, चार सोमवार, वजन सात किलो चारशेच्या वर. सात ऑक्टोबरला सात किलो दोनशे. चौदाला पुन्हा साडेसातच्या जवळ. सात ऑक्टोबरच्या आकड्यापुढे मी प्रश्नचिन्ह केले होते आणि समासात लिहिले होते: ‘काटा बिघडला असावा.’

तू मला विचारलेस, "याच्या पायात वाळे होते का?"

"होते. चांदीचे. कमरेला साखळीही. आजी काढू देत नाही, दृष्ट लागते म्हणते."

"अन् सात ऑक्टोबरला?"

मला आठवले. वाळे पायाला रुतू लागले म्हणून सोनाराकडे सैल करायला दिले होते, साखळीही उजळायला. आठवडाभराने परत आले.

तू कचरूस उघडा केलास, वाळे-साखळी काढलीस, काट्यावर ठेवलेस. सात किलो पाचशे पन्नास. वर्षाच्या मुलाला हे कमी आहे. माझ्या वहीत तो दर सोमवारी ठीक होता. अकरा आठवड्यांच्या अकरा नोंदींत खरी एकच होती, आणि शंका मी नेमकी तिच्यावरच घेतली होती. तुला सातचे अकरा केल्याबद्दल मी पत्र लिहिले होते. इथे मी एका उपाशी बाळाला चांदी घालून गुटगुटीत ठरवले.

तू रागावली नाहीस. लाल शाई मागितलीस. दहा नोंदींवर एकेक रेघ मारून बाजूला सही केलीस आणि प्रश्नचिन्ह खोडलेस. माझ्या नोंदवहीतली ती पहिली खाडाखोड. मग पुष्पाबाईला आणि तिच्या सासूला समोर बसवलेस. सासू वाळ्यांवरून भांडू लागली, "उघड्या पायाचं लेकरू म्हणजे काय हो, दिसायला तरी बरं दिसतं का?" तू म्हणालीस, "आजी, सोमवारी दहा मिनटं काढायचे, मंग लगेच घालायचे. मी तुमच्या पदरात बांधून देते, दुसऱ्या कुणाच्या हातात न्हाई." आणि खरोखर तिच्या पदराला गाठ मारून दिलीस. रोज दोन वेळचे अधिक खाणे, खिचडीवर तुपाचा चमचा, एक अंडे, आणि सोमवारी आरोग्य केंद्रात दाखवणे. सगळे तू पाच वाक्यांत सांगितलेस. एकही वाक्य जास्त नव्हते. मी तेहतीस वर्षे मुलांना मुद्देसूद बोलायला शिकवले. इतके मुद्देसूद बोललेले मी कधी ऐकले नाही.

मग तुझी आई आतल्या दारात आली. "ताटं वाढलीत."

तू म्हणालीस, "आई, तपासणीला आलेल्या माणसानं केंद्रात जेवायचं न्हाई, असा आमचा नियम हाय."

"मंग तपासणी संपली म्हण अन् चल आत."

तू मनगटावरचे घड्याळ पाहिलेस. शेवटच्या पानावर लिहिलेस, ‘तपासणी समाप्त, १.१०’, सही केलीस, वही बंद केलीस, पेनाला टोपण लावलेस. मग हात धुतलेस आणि आतल्या दाराने आलीस.

जेवताना आपण भाजीविषयी बोललो. मीठ बेताचे होते यावर तिघांचे एकमत झाले. निघताना तू चप्पल घालत म्हणालीस, "आप्पा, वार्षिक अहवाल निघायचाय. पिंपळगावचं खरं लिहू या. आता लिहिता येईल. खोली उघडलेली दिसली की, पहिल्यांदा ‘न्हाई’ म्हणालेला बाप बी बदलतो, हे वाचून लोकांना बळच येईल. तारखा तुमी नीट करून द्या."

लंगोट धुणारी माझी मुलगी, असे त्या दिवशी दारात माझ्या मनात उपहासाने आले होते. आता तेच पद मी चौकात, मोठ्याने, अभिमानाने उच्चारतो, विचार पुष्पाबाईला.

तारखा खाली देत आहे. अहवालात याच छापाव्यात. माझ्या नावापुढे ‘संस्थापक’ हा शब्द कोठेही येऊ नये.

आप्पा

तारखांची दुरुस्ती

१६ जून १९७५ ते ३१ मे २००८: रामराव यांची नोकरी. बत्तीस वर्षे नव्हे. तेहतीस वर्षांना पंधरा दिवस कमी.

१९८६ ते २००७, प्रतिवर्षी भाद्रपद: मुलींच्या गैरहजेरीचे कारण ‘पालकांची अनास्था’ असे नोंदवले आहे. ‘घरी तान्हे भावंड, आई क्रॉसिंगला’ असे वाचावे.

११ ऑक्टोबर २००४: पुष्पाबाईचे नाव पटावरून कमी केले. ही चूक मुख्याध्यापकांची.

२४ ऑगस्ट २०१५: वंदनाने खोली मागितली. नाकारण्यात आली. बाळे सात होती, अकरा नव्हेत. त्याच दिवशी पाळणाघर गोठ्यात सुरू झाले.

११ सप्टेंबर २०१५: गोठ्यातले पाळणाघर बंद पडले. एकोणीस दिवस चालले. खिचडी वंदनाची आई उषाबाई यांची.

१४ सप्टेंबर २०१५: वंदना गाव सोडून जालन्यास गेली.

२ ऑक्टोबर २०१५: या दिवशी पिंपळगावात काहीही सुरू झाले नाही.

५ सप्टेंबर २०२४: पुढची खोली उघडली. बाळे नऊ. मुलाखतीतील पहिले विधान, जागेपुरते, या दिनांकापासून खरे धरावे.

९ सप्टेंबर ते १८ नोव्हेंबर २०२४: कार्तिक ऊर्फ कचरू याच्या वजनाच्या नोंदी रद्द. अपवाद ७ ऑक्टोबर. ती नोंद बरोबर आहे.

२२ नोव्हेंबर २०२४, दुपारी १.१०: तपासणी समाप्त.

त्याच दिवशी, १.१५: वंदना घरी जेवली.